हॅलोविनचा कॉस्च्यूम घरी करायचाय? मग आधी हुडी शोधा

अमेरिकेत येऊन पहिलंच वर्ष असेल आणि मूल किंडरगार्टनमध्ये असेल, तर ऑक्टोबर लागला की एक दिवस ते घरी येऊन सांगणार की मला वटवाघूळ व्हायचंय, किंवा रोबो, किंवा डायनोसॉर, आणि वर्गातल्या सगळ्यांचं ठरलंय आपलंच राहिलंय. तेव्हा घाबरून लगेच ऑनलाइन ऑर्डर टाकू नका. पाकिटातून येणारे ते पातळ चकचकीत पोशाख बरेचदा एका संध्याकाळपुरतेच असतात, पाठीमागची वेल्क्रो निघते, थंडी वाजते, आणि मुलाचा त्यात काहीच हात लागलेला नसतो. घरी केलेला कॉस्च्यूम शिवणकाम न येणाऱ्यालाही जमतो हे मी अगदी खात्रीने सांगते, कारण मला सुरुवातीला गुंडी लावण्यापलीकडे काहीही येत नव्हतं.

एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की बसवा, बाकी सगळं त्याच्यावरच उभं आहे. आपण शाळेत असताना फॅन्सी ड्रेस असायचा, त्यात पाच मिनिटं स्टेजवर उभं राहायचं, दोन वाक्यं बोलायची, खाली उतरलं की आई सगळं सोडून टाकायची. हॅलोविनचं तसं नाही. इथे मूल त्या कपड्यात दीड-दोन तास चालणार, घरोघरी पायऱ्या चढणार-उतरणार, अंधारात रस्ता ओलांडणार, मध्येच शू लागली म्हणणार, आणि हे सगळं थंडीत. त्यामुळे "दिसतंय कसं" हा दुसरा प्रश्न, "चालता येतंय का" हा पहिला.

हे मी शिकले ते पहिल्या वर्षीच्या रोबोवरून. मोठ्या लेकीसाठी मी खोका घेतला तो तिच्या गुडघ्यापर्यंत येणारा, त्याला चंदेरी कागद लावला, बाटल्यांच्या झाकणांची बटणं लावली, तीन रात्री जागून केला होता आणि फोटोत फार सुंदर दिसला. पण तिला पायरी चढता येईना, गुडघा वरच जाईना, कार सीटमध्ये बसता येईना. चौथ्या घरापाशी ती रडायला लागली, खोका काढला आणि उरलेला वेळ मी तो हातात धरून चालले आणि ती साध्या स्वेटरमध्ये. तिचा तो चेहरा मला अजून आठवतो. त्यानंतर मी कधीच कॉस्च्यूमपासून सुरुवात केली नाही, हुडीपासून केली.

कधी सुरू करायचं आणि शाळेला काय विचारायचं

हॅलोविन 31 ऑक्टोबरला, वार कुठलाही असो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ठरवा, दुसऱ्या-तिसऱ्यात करा, शेवटचा आठवडा फक्त घालून बघायला आणि दुरुस्तीला ठेवा. शेवटच्या चार दिवसांत काळं नि केशरी फेल्ट (नमद्यासारखं जाडसर कापड) मिळेलच याची खात्री नसते.

त्याआधी शाळेकडून आलेली ईमेल नीट वाचा. बऱ्याच शाळांत मास्क चालत नाही, खोटी तलवार-बंदूक चालत नाही, खोटं रक्तही नाही, आणि काही शाळांनी तर हॅलोविन बंद करून पुस्तकातलं पात्र बनून यायचा दिवस ठेवलाय. म्हणजे एकच कॉस्च्यूम दोन्हीकडे चालवायचा असेल तर तो आधीपासूनच मास्कशिवाय ओळखू येईल असा हवा. आपल्या गावात ट्रिक ऑर ट्रीटची, म्हणजे मुलांनी घरोघरी जाऊन चॉकलेट मागायची, वेळ ठरवून दिलेली आहे का तेही बघून घ्या, काही ठिकाणी ती असते.

आणि मुलाला विचारताना "तुला काय व्हायचंय" एवढ्यावर थांबू नका. "वटवाघूळ कशावरून ओळखतात गं?" असं विचारा. मूल सांगतं, पंख आणि कान. बस, तेवढंच करायचं! रस्त्यावर अर्धवट अंधारात लांबून दिसतो तो फक्त आकार आणि एखादा रंग, बारीक नक्षीकाम कुणालाच दिसत नाही. डायनोसॉर म्हणजे पाठीवरचे काटे आणि शेपूट, घुबड म्हणजे मोठे डोळे आणि पिसं, मधमाशी म्हणजे पिवळे-काळे पट्टे. दोन खुणा नीट केल्या की काम झालं.

एक सांगते, दुसऱ्या कुठल्या समाजाचा पारंपरिक वेश सोंग म्हणून देऊ नका, विशेषतः इथल्या मूळ रहिवाशांचा पिसांचा मुकुट वगैरे. दुकानात विकायला असतं म्हणून आपल्याला वाटतं चालत असेल, पण वर्गातल्या एखाद्या मुलासाठी ती त्याच्या आजी-आजोबांची गोष्ट असते. प्राणी, पक्षी, भाज्या, यंत्रं, ग्रह, ढग, इतकं काही आहे करण्यासारखं.

हुडी कशी निवडायची

पूर्ण बाह्यांची, पुढे चेन असलेली, टोपीवाली आणि मुलाच्या मापापेक्षा एक साइझ मोठी. चेन अशासाठी की डोक्यावरून काढावी लागत नाही, कान-शिंगं लावलेली टोपी चुरगळत नाही. एक साइझ मोठी अशासाठी की आत गरम कपडा घालता येतो, नाहीतर इतक्या मेहनतीने केलेल्या कॉस्च्यूमवर शेवटी जॅकेट चढवावं लागतं आणि सगळं झाकलं जातं, हे थंडीच्या राज्यांत दरवर्षी बघायला मिळतं. खाली त्याच रंगाची लेगिंग किंवा ट्रॅक पँट, पायात रोजचेच बूट. नवीन बूट त्या दिवशी अजिबात नकोत, आणि मोठ्या माणसांचे बूट-सँडल तर नकोच.

सेकंडहँड कपड्यांच्या दुकानात अशा हुड्या स्वस्तात मिळतात, शेजारी-मैत्रिणींकडे लहान झालेलीही मिळते. मुलाकडे आहे ती वापरली तरी चालेल, कारण आपण तिला कापणार नाही, फक्त वरून टाके घालणार आहोत.

बाकी सामान फारसं नाही. फेल्ट (9 बाय 12 इंचाचे तुकडे मिळतात, लहान मुलासाठी चार-पाच पुरतात), त्याच रंगाचा जाड दोरा आणि सुई, कपड्याची वेगळी कात्री, मापाची टेप, खडू, थोडी वेल्क्रो, रिफ्लेक्टिव्ह टेप (प्रकाश पडला की चमकणारी), आणि हवी तर ग्लू गन (गरम गोंद सोडणारी). फेल्टच का, तर त्याच्या कडेचे दोरे सुटत नाहीत, कापलं तसं राहतं, दुमडून शिवायची गरज नाही, नवशिक्यासाठी याच्याहून सोपं कापड नाही. ग्लू गन घ्यायची तर लो टेम्परेचरची घ्या, तीही साधारण 120 अंश सेल्सिअसला तापते, हाय टेम्परेचरची 190 च्या आसपास जाते, त्यामुळे गन मोठ्यांच्याच हातात, मुलाच्या हातात फेल्ट आणि खडू. आणि मूल हुडी घालून उभं असताना तिच्यावर कधीही गरम ग्लू लावू नका, घाईत हा मोह होतो.

आता वटवाघूळ, अगदी सुरुवातीपासून

हे मी मुद्दाम सविस्तर सांगते कारण हे एकदा जमलं की बाकीचं आपोआप सुचतं. लागते एक काळी हुडी आणि एक मोडकी काळी छत्री, काड्या वाकलेली असली तरी चालेल, कापड धड हवं. साधी आठ काड्यांची, साधारण 42 इंची छत्री पाच-सहा वर्षांच्या मुलाला पुरते, कारण या वयाच्या मुलाने दोन्ही हात पसरले की या हाताच्या बोटांच्या टोकापासून त्या हाताच्या टोकापर्यंत साधारण तेवढंच भरतं. तरी टेपने माप घ्याच, प्रत्येक मूल वेगळं.

छत्री उघडून उलटी धरा. प्रत्येक काडीच्या टोकाला आणि मध्ये एक-दोन ठिकाणी कापड दोऱ्याने बांधलेलं असतं, ते दोरे छोट्या कात्रीने तोडा. वरचं टोपण फिरवून किंवा ओढून काढलं की कापड सुटं होतं. काड्या लगेच बाजूला ठेवा, त्यांची टोकं टोचतात, मुलाला त्या द्यायच्या नाहीत आणि पंखातही ठेवायच्या नाहीत. मी पूर्वी काही ठिकाणी काड्यांसकट केलेले पंख पाहिलेत, दिसतात झकास पण गर्दीत दुसऱ्या मुलाच्या डोळ्याच्या उंचीवर तार येते, म्हणून मी त्याच्या विरुद्ध आहे.

आता जमिनीवर कापड पसरा. आठ त्रिकोणी कळ्या जोडलेल्या दिसतील आणि बाहेरची कड दोन टोकांच्या मध्ये आत वळलेली, तीच वटवाघळाच्या पंखाची कड, देवाने दिल्यासारखी तयार मिळते. आपल्याला चार कळ्या म्हणजे अर्धी छत्री हवी. एका टोकापासून मधल्या भोकातून समोरच्या टोकापर्यंत खडूने सरळ रेघ मारा, पण ही रेघ शिवणीवर नको, शिवणीपासून अर्धा इंच पलीकडे, नाहीतर छत्रीची मूळ शिवण उसवते आणि कळ्या सुट्या होतात. कापा. झाला अर्धगोल, एक बाजू सरळ, एक बाजू पंखासारखी.

मुलाला हुडी घालून हात आडवे पसरायला सांगा. सरळ कडेचा मध्य मानेमागे, टोपी जिथे हुडीला जोडलेली असते तिथे खाली धरा. तिथून एक टोक डाव्या बाहीवरून मनगटाकडे, दुसरं उजव्या. टोकं मनगटाच्या दोन इंच आधीच संपू द्या, उरलेलं कापड आत दुमडा, कारण हात धुवायचेत, पिशवी धरायचीय. कापड ताणून लावायचं नाही, खांद्यापाशी बोटभर सैल सोडा, नाहीतर हात पुढे घेतला की टाके ताणले जातात. खडूने खुणा करा आणि हुडी काढून घ्या. टाके मूल उभं असताना घालायचे नाहीत.

सरळ कड अर्धा इंच आत दुमडून मोठमोठा धावदोरा घाला, टाका अर्ध्या इंचाचा असला तरी चालतो, मध्ये आणि दोन्ही टोकांना मात्र तीन-चार टाके एकावर एक घाला कारण सगळा जोर तिथे येतो. बाहीत हाताखाली एखादा पुठ्ठ्याचा तुकडा सरकवून ठेवा, नाहीतर बाहीच्या दोन्ही बाजू एकत्र शिवल्या जातात आणि ते कळतं थेट मूल हात घालतं तेव्हा. सेफ्टी पिनांवर अवलंबून राहू नका, पळताना उघडतात, त्या फक्त खिशात दोन-चार असू द्या.

आता कान. फेल्टवर पायाला तीन इंच आणि उंचीला चार इंच असे चार त्रिकोण, दोन-दोन एकमेकांवर ठेवून कडेने शिवले किंवा चिकटवले की कान ताठ उभा राहतो. पायाशी मध्ये एक छोटी चुणी घाला, म्हणजे कान पुढे वाटीसारखा वळतो, सपाट कान मांजरासारखा दिसतो आणि वळलेला वटवाघळाचा, एवढ्याशा चुणीने फरक पडतो! जागा ठरवायला टोपी मुलाच्या डोक्यावर घालूनच खूण करा, टेबलावर ठेवून लावलेले कान डोक्यावर गेले की हमखास मागे जातात.

शेवटी पंखांच्या कडेला आणि पाठीवर रिफ्लेक्टिव्ह टेपचे तुकडे. ही पायरी काळ्या पोशाखात सगळ्यात महत्त्वाची आहे. इथली घड्याळं एक तास मागे केली जातात नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, म्हणजे 31 ऑक्टोबरला अजून उन्हाळी वेळच चालू असते, तरीसुद्धा बऱ्याच राज्यांत पावणेसहा-सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि मुलं नेमकी त्याच वेळी रस्त्यावर असतात. काळं वटवाघूळ गाडीवाल्याला दिसत नाही. कडेने लावलेली टेप हेडलाइटमध्ये पंखाचा आकारच उजळून दाखवते, म्हणजे सुरक्षाही होते आणि शोभाही.

रोबो किंवा खोक्याचं काहीही

माझी चूक तुम्ही करू नका. खोक्याची उंची खांद्यापासून कमरेच्या हाडापर्यंतच, त्याखाली एक इंचही नाही. रुंदी खांद्यांपेक्षा दोन-तीन इंच जास्त. डोक्यासाठी वर भोक, हातांसाठी बाजूला भोकं आपल्याला वाटतात त्याहून मोठी, कारण आत हुडी असणार. सगळ्यात चांगलं म्हणजे बाजू पूर्ण उघड्या ठेवायच्या, पुढे एक पुठ्ठा, मागे एक पुठ्ठा, खांद्यावर दोन रुंद कापडी पट्ट्या आणि बगलेखाली वेल्क्रो, दोन सेकंदांत निघतं आणि दोन सेकंदांत चढतं. कापलेल्या कडा चिकटपट्टीने मढवा, पुठ्ठ्याची कड मानेला घासून लाल होते. रंग लावायचा असेल तर आधी एक हात पांढरा द्या, नाहीतर खोक्यावरची छपाई खालून दिसत राहते. हे रंगवायचं काम पूर्णपणे मुलाला द्या, वेडंवाकडं झालं तरी द्या, शेवटी घरोघरी मूल तेच दाखवतं की "ही बटणं मी काढलीयेत".

डायनोसॉर तर एका दुपारचं काम. फेल्टचे त्रिकोण एका लांब पट्टीवर ओळीने शिवा, पट्टी टोपीच्या पुढच्या कडेपासून पाठीवरून खालपर्यंत हुडीला टाका. शेपटीत कापूस कमी भरा आणि ती गुडघ्याच्या मागेच संपवा, लांब शेपटीवर मागचं मूल पाय देतं.

चेहरा, गळा, आग

मास्क शक्यतो नको. डोळ्यांची भोकं हलतात, बाजूचं दिसत नाही, श्वासाने आत ओलं होतं. त्याऐवजी थोडा फेस पेंट, तोही दोन-तीन दिवस आधी मुलाच्या हातावर जरासा लावून बघा, लाल पुरळ, खाज, सूज काही आलं तर तो वापरायचा नाही. इथल्या एफडीएचाही (अन्न आणि औषध प्रशासनाचाही) हाच सल्ला आहे. डोळ्यांच्या अगदी जवळ लावू नका, आणि झोपायच्या आधी पूर्ण धुऊन टाका, मूल कितीही पेंगुळलेलं असलं तरी.

केप किंवा झगा असेल तर गळ्याभोवती नाडीची गाठ नको, तिथे वेल्क्रो लावा म्हणजे कुठे अडकलं तर चटकन सुटेल. तीन वर्षांखालच्या मुलाच्या कपड्यावर सुटी बटणं, मणी, टिकल्या नकोत, ते सगळं तोंडात जातं.

आणि आग. दारात भोपळ्यात पेटती मेणबत्ती ठेवलेली घरं अजूनही असतात आणि ती नेमकी मुलाच्या पंखाच्या उंचीला असते. कापड घेताना जळायला कठीण असलेलं घ्या, विकत घेतलेल्या विग वगैरेवर फ्लेम रेझिस्टंट लिहिलंय का बघा, घेरदार बाह्या आणि जमिनीवर लोळणारे झगे टाळा. पॉलिएस्टर-नायलॉन पटकन पेट घेत नसलं तरी वितळतं आणि कातडीला चिकटतं, त्यामुळे कापड कुठलंही असो, दाराशी जाताना मुलाला सांगून ठेवा की भोपळ्यापासून हातभर लांब उभं राहायचं. वटवाघूळ झालेल्या मुलाला मी "दाराशी पंख मिटायचे" असा खेळच शिकवते, तो आवडीने पाळतो.

गाडीने कुठे जाणार असाल तर कार सीटच्या पट्ट्यांखाली खोका, कापूस भरलेलं पोट, जाड पंख काहीही नको, पट्टा घट्ट बसल्यासारखा वाटतो पण धक्का बसला की आतलं दबतं आणि पट्टा सैल पडतो. हुडी-लेगिंगवर गाडीत बसवा, बाकीचं उतरल्यावर चढवा.

रंगीत तालीम

आठवडाभर आधी एकदा सगळं घालून अर्धा तास घरात वावरू द्या. जिना चढून उतरा. खुर्चीत बसा. हात डोक्यावर न्या. बाथरूमला एकट्याने जाऊन या, ही परीक्षा शाळेसाठी फार गरजेची आहे, कारण तिथे बाई पंधरा मुलांची चेन आणि बटणं सोडत बसू शकत नाहीत. मग टोपी घालून मान दोन्हीकडे वळवायला सांगा, मान वळली आणि टोपी नाही वळली तर डोळे झाकले जातात, अशा वेळी आतून टोपीच्या मागच्या बाजूला एक चुणी घालून ती लहान करा.

तालमीच्या वेळी मूल "मला आता हे नको, मला भूत व्हायचंय" म्हणू शकतं. आमच्याकडे दोनदा झालंय. रागावू नका आणि नवीन काही सुरूही करू नका, दोन दिवस हुडी मुलाच्या हाताला लागेल अशा जागी टांगून ठेवा, बहुतेक वेळा मूल स्वतःच घालून आरशासमोर जातं. नाहीच पटलं तर केस झाकून काळी हुडी, वर पांढऱ्या फेल्टचे दोन मोठे डोळे, रात्रीचं भूत तयार.

त्या दिवशी बरोबर टॉर्च, खिशात सेफ्टी पिना, सुई-दोरा आणि चिकटपट्टीचा छोटा रोल असू द्या. चॉकलेटसाठी जुन्या उशीचा अभ्रा, तो फाटत नाही आणि मुलाच्या खांद्यावर टाकता येतो.

नोव्हेंबर लागला की धावदोऱ्याचं एक टोक कापून ओढायचं, मोठे टाके असल्याने पाच मिनिटांत सगळं सुटं होतं. पंख आणि कान एका पिशवीत घालून धाकट्या भावंडासाठी ठेवायचे, हुडी धुवायची आणि सोमवारी ती पुन्हा शाळेत जाते. माझ्या लेकीने मात्र एका वर्षी कान सोडूच दिले नाहीत, मार्चपर्यंत ती तेच घालून बसमध्ये चढत होती.